घराचा दलाल आणि नीतीचा प्रश्न

समाजवादी कार्यकर्त्यांच्या बैठकीत घरांच्या दलालांचा विषय निघाला की चर्चा बहुधा पाच मिनिटांतच संपते. दलालाकडून नीतीची अपेक्षा करणे म्हणजे वाघाच्या गळ्यात तुळशीची माळ घालणे, असे कोणीतरी म्हणतो. जमीन समाजाच्या मालकीची झाली की दलाल आपोआप नाहीसा होईल. तोवर त्याच्या सदाचाराची चौकशी करणे हा मध्यमवर्गीय चोचला आहे, असे दुसरा त्याला जोडून देतो. माना डोलतात, चहा येतो आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळते. त्याच बैठकीतून उठलेला कार्यकर्ता मात्र अकरा महिन्यांचा करार संपत आला म्हणून पुढच्याच आठवड्यात नाक्यावरच्या एजंटाच्या दुकानात जाऊन बसतो आणि तो सांगेल ती दलाली मुकाट्याने मोजतो.

ही भूमिका क्रांतिकारक दिसते. वस्तुतः ती जबाबदारी टाळण्याची भूमिका आहे. जमिनीच्या सामाजिक मालकीच्या दिशेने या देशाने जे एक लंगडे पाऊल टाकले होते ते म्हणजे १९७६ चा नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा. तो केंद्राने १९९९ साली रद्द केला आणि महाराष्ट्राने २००७ साली ते रद्दीकरण स्वीकारले. म्हणजे दलालाचे 'आपोआप नाहीसे होणे' गेल्या पन्नास वर्षांत जवळ आले नसून लांबणीवर पडले आहे. या मधल्या काळात गिरणगावातून डोंबिवलीला, डोंबिवलीतून टिटवाळ्याला, पुण्याच्या पेठेतून चाकणला ढकलला गेलेला कष्टकरी ज्या एका माणसाच्या शब्दावर विसंबून आपली आयुष्याची पुंजी देतो तो माणूस दलाल असतो. त्याने कसे वागावे याविषयी समाजवाद्यांना काही म्हणायचे नसेल तर ते ठरविण्याचे काम बिल्डरकडे जाते. आणि बिल्डरांनी ते मोठ्या तत्परतेने पार पाडलेले आहे.

दलाल नेमके विकतो तरी काय? घर त्याचे नसते, जमीन त्याची नसते, भांडवलही बहुधा त्याचे नसते. तो विकतो ती माहिती. कोणत्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले नाही, कोणत्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग दोन' असा शेरा आहे, कुळकायद्याच्या कलम ४३ खालची जमीन कोणती, कोणत्या मालकाच्या बहिणीने हक्कसोड करून दिलेली नाही, टँकर कोणत्या गल्लीत मार्चपासूनच सुरू होतो, हे सारे त्याला ठाऊक असते. घेणाऱ्याला ते ठाऊक नसते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की विकणाऱ्याला खोट माहीत आहे आणि घेणाऱ्याला नाही अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो. त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सुपे परगण्यातील शेतकऱ्यांना मात्र हे तत्त्व १२ मे १८७५ रोजीच उमगले होते. त्या दिवशी त्यांनी सावकारांची दुकाने फोडली तेव्हा प्रामुख्याने कर्जखतांच्या होळ्या केल्या. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण ज्यातला मजकूर आपल्याला वाचता येत नाही, तो कागदच आपला वैरी आहे, हे त्यांनी ओळखले होते. चार वर्षांनी दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी जो संरक्षणाचा कायदा झाला त्यात दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर लिहून, समजावून देण्याची तरतूद आली ती त्यामुळेच.

आजचा घर घेणारा साक्षर आहे, पण साठेखतापुढे तो १८७५ च्या कुणब्याइतकाच निरक्षर असतो. तो दलालाच्या चेहऱ्याकडे पाहून सही करतो.

दलाल हा दोन्ही पक्षांचा मित्र असतो, हा या धंद्याचा लाडका दावा आहे. त्याची परीक्षा साध्या अंकगणिताने होते. समजा, पन्नास लाखांची सदनिका आहे आणि दलाली दोन टक्के आहे. विकणाऱ्याला आणखी एक लाख मिळवून द्यायचे तर दलालाला महिनाभर खेटे घालावे लागतील आणि त्याच्या पदरात जादा पडतील ते दोन हजार. साहजिकच तो मालकाला सांगतो की भाव पडत आहेत, आलेले गिऱ्हाईक सोडू नका. घेणाऱ्याला तो सांगतो की भाव चढत आहेत, उद्या हे घर राहणार नाही. दोन्ही विधाने एकाच दिवशी, एकाच खुर्चीत बसून केली जातात. हा स्वभावदोष मानण्याचे कारण नाही. दलालीच्या रचनेतूनच तो निघतो. अमेरिकेत लेव्हिट आणि सिव्हरसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी शिकागोच्या परिसरातील घरविक्रीचे आकडे तपासले तेव्हा आढळले की एजंट स्वतःचे घर विकतो तेव्हा ते सुमारे साडेनऊ दिवस अधिक काळ बाजारात ठेवतो आणि त्याला सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत मिळवतो. दुसऱ्याचे घर विकताना तोच एजंट घाई करतो. म्हणजे सल्ला कोणता बरोबर हे त्याला नीट माहीत असते. तो फक्त स्वतःसाठी राखून ठेवलेला असतो.

तेव्हा पहिली अपेक्षा अशी की दलालाने आपण कोणाचे माणूस आहोत हे पहिल्याच भेटीत सांगावे. ही अपेक्षा नवी नाही, समाजवादी तर नाहीच नाही. १८७२ चा भारतीय करार कायदा हा ब्रिटिशांनी व्यापाऱ्यांसाठी केलेला कायदा. पण मुखत्याराने आपल्या मालकाच्या नकळत त्याच व्यवहारात स्वतःचा धंदा केला आणि महत्त्वाची गोष्ट दडवली, तर तो व्यवहार झिडकारण्याचा अधिकार त्याचे कलम २१५ मालकाला देते, आणि असा मिळवलेला फायदा त्याच्याकडून वसूल करण्याचा अधिकार कलम २१६ देते. दीडशे वर्षे हा कायदा पुस्तकात आहे. नाक्यावरच्या किती दलालांनी तो ऐकला आहे? दोन्ही बाजूंकडून पूर्ण दलाली घेणे आणि वर मालकाच्या 'हातात येणाऱ्या' किमतीवरचा फरक स्वतः गिळणे ही तर या धंद्यात हुशारीची खूण मानली जाते. दोन्हीकडून पैसे घेणाऱ्याने दोन्हीकडे ते उघड सांगावे, लेखी सांगावे आणि पावती द्यावी. हा सद्गुणाचा कळस मुळीच नव्हे. वाण्याच्या दुकानातही एवढे मिळते.

दुसरी अपेक्षा बोलण्याची आहे, आणि इथे खरी मेख आहे. दलाल क्वचितच सरळ खोटे बोलतो. तो गप्प बसतो. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याने कलम ५५ मध्ये विक्रेत्यावर बंधन घातले आहे की मालमत्तेतील किंवा मालकी हक्कातील जी महत्त्वाची खोट घेणाऱ्याला सहज कळणार नाही ती त्याने सांगितली पाहिजे. विक्रेत्याच्या वतीने सगळे बोलणारा दलाल मात्र 'मला विचारले नाही म्हणून मी सांगितले नाही' या आडोशाला उभा राहतो. या मौनाची किंमत काय होते ते कल्याण-डोंबिवलीत दिसले. तेथील ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करण्यात आल्या, त्यांच्या आधारे महारेराचे नोंदणी क्रमांकही मिळविण्यात आले, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरच्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या आरंभी पाडून संपल्या. हजारो माणसे रस्त्यावर आली. या इमारतींमधली घरे कोणी आपोआप विकली गेली नाहीत. कोणीतरी माणसे स्कूटरवर बसवून तिथे नेली, नमुना घर दाखवले, कर्जाचे बघून देतो म्हणाले आणि दलाली घेऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. पालिकेच्या नगररचना खात्यात जाऊन बांधकाम परवानगीचा क्रमांक खरा आहे की नाही एवढे विचारायला एक सकाळ पुरली असती. ती एक सकाळ खर्च करणे हे दलालाचे कर्तव्य मानायचे की नाही, हा खरा नीतीचा प्रश्न आहे. मालाची पारख करण्याबद्दलच जो पैसे घेतो, त्याला 'मला माहीत नव्हते' हा बचाव कसा मिळेल? माहीत करून घेणे हेच त्याचे काम आहे.

पुण्याभोवतीच्या गुंठ्यांच्या व्यवहारातही हेच. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याला बगल देऊन नोटरीच्या कागदावर, नाहीतर एका सातबाऱ्यावर दहा-वीस नावे चढवून एक-एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, विकण्यात आला. घेणारे होते कारखान्यातले कामगार, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बाया. गुंठेवारी नियमित करण्यासाठी शासनाला २००१ साली वेगळा कायदा करावा लागला आणि २०२५ साली तुकड्यांविषयी पुन्हा सवलतीची घोषणा करावी लागली. मतांसाठी शासन नियमित करते, दंड भरतो तो गुंठेवाला. दलालाची दलाली कोणी परत मागत नाही.

यावर उत्तर तयार असते की आता रेरा आला आहे. २०१६ चा हा कायदा टाकाऊ नाही, आणि डाव्यांनी त्याला नावे ठेवताना तो आधी वाचायला हवा. कलम ९ प्रमाणे एजंटाला नोंदणीशिवाय प्रकल्पातील घर विकून देता येत नाही. कलम १० प्रमाणे त्याने हिशेबाच्या वह्या ठेवायच्या, तोंडी वा लेखी खोटे विधान करायचे नाही, ज्या प्रकल्पाची नोंदणी नाही त्याला हात लावायचा नाही, आणि घर नोंदवताना घेणाऱ्याला हक्काची सर्व कागदपत्रे मिळवून द्यायची. हे मोडले तर कलम ६२ प्रमाणे रोज दहा हजार रुपये, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड. २०२३ साली महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. हे सर्व ठीक आहे. तथापि कायद्याची हद्द पाहिली की त्याचा वर्ग कळतो. तो बिल्डरने विकायला काढलेल्या नव्या घरापुरता आहे. पाचशे चौरस मीटरपेक्षा लहान जमिनीवरचा अथवा आठापेक्षा अधिक घरे नसलेला प्रकल्प नोंदणीतून सुटतो. एका कुटुंबाने दुसऱ्याला विकलेले जुने घर त्यात बसत नाही. आणि भाड्याचे घर तर त्याच्या गावीही नाही. नवे घर विकत घेऊ शकणाऱ्याला संरक्षण मिळाले. जो विकत घेऊच शकत नाही, ज्याला दर अकरा महिन्यांनी दलालाचे तोंड पाहावे लागते, त्याला काहीही मिळाले नाही.

भाड्याच्या दलालीचे अर्थशास्त्र कोणी फारसे लिहीत नाही. मुंबई-पुण्यात एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेण्याची रूढी पडली आहे, आणि पुष्कळ ठिकाणी करार नवा केला की ती पुन्हा मागितली जाते. म्हणजे भाडेकरू जितका वारंवार हलेल तितकी दलालाची प्राप्ती अधिक. बारा हजार भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार तीन वर्षांत तीनदा हलला तर छत्तीस हजार रुपये केवळ दार उघडून दाखविल्याबद्दल देतो. अनामत रक्कम, टेम्पो आणि मुलांची बदललेली शाळा वेगळीच. घरमालकाच्या कानाशी 'दुसरा भाडेकरू दोन हजार जास्त देतो' असे जो पुटपुटतो तो कोण असतो, हे वस्तीतल्या कोणत्याही बाईला विचारावे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ सांगते की लिव्ह अँड लायसन्सचा करारसुद्धा लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि करार नोंदलेला नसेल तर वादात भाडेकरूचे म्हणणे उलट सिद्ध होईपर्यंत खरे धरले जाईल. भाडेकरूच्या हातातले एवढे धारदार हत्यार दलालाने कधी त्याला दाखवले आहे काय? उलट, नोंदणीचा खर्च वाचवतो असे सांगून साध्या स्टँप पेपरवर सही घेणारा तोच असतो.

या धंद्यातले सर्वांत मोठे पाप मात्र पैशाचे नाही. 'सोसायटीत चालत नाही' हे तीन शब्द ज्याने मुस्लिम म्हणून, दलित म्हणून, एकटी राहणारी स्त्री म्हणून ऐकले आहेत त्याला ते समजावून सांगायला नको. दलाल स्वतः द्वेष करतो असे नाही. तो द्वेषाचा हमाल असतो. फोनवर आडनाव विचारतो आणि 'ते घर गेले' म्हणतो. २०२३ च्या सप्टेंबरात मुलुंडमध्ये एका मराठी स्त्रीला ती मराठी आहे म्हणून कचेरीसाठी जागा नाकारण्यात आली तेव्हा महाराष्ट्र खवळून उठला, आणि ते योग्यच झाले. पण त्याच मुलुंडमध्ये, त्याच पुण्याच्या कोथरूडमध्ये आडनाव शेख किंवा कांबळे असल्यामुळे जी दारे रोज मिटतात त्याबद्दल त्या खवळलेल्यांपैकी किती जणांनी आवाज काढला? अन्यायाची चीड ही स्वतःच्या दारापाशी येऊन थांबत असेल तर तिला चीड म्हणण्याऐवजी मालकी हक्क म्हणावे.

दलालांनी स्वतःच आपली आचारसंहिता करावी असे सांगणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. तेथील एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने १९१३ साली नीतिसंहिता केली. जगातल्या या धंद्याला ती आदर्श म्हणून दाखवली जाते. १९२४ साली त्याच संहितेत असे कलम आले की ज्या वंशाच्या वा राष्ट्रीयत्वाच्या लोकांमुळे वस्तीतील मालमत्तेच्या किमती घसरतील त्यांना एजंटाने त्या वस्तीत आणण्यास कारणीभूत होऊ नये. म्हणजे काळ्या माणसाला घर दाखवणे हाच नीतिभंग! वंशाचा हा उल्लेख निघायला १९५० साल उजाडावे लागले, भेदभावाला बंदी करणारा कायदा १९६८ साली झाला आणि संघटनेने माफी मागितली ती २०२० साली. धंद्याने स्वतःसाठी लिहिलेली नीती गिऱ्हाइकाच्या किमती सांभाळते, माणसे सांभाळत नाही. इथे ते कलम लिहून ठेवण्याची गरजच पडली नाही. जातीने ते आधीच तोंडपाठ करून दिले होते.

राहता राहिला तो दलाल जो दलाल राहतच नाही, स्वतः खरेदीदार होतो. १९८४ च्या जानेवारीत उरण परिसरात गोळीबारात माणसे पडली, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या लढ्यातून नवी मुंबईच्या प्रकल्पग्रस्तांसाठी साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पुढे आला. रक्त सांडून मिळालेला हा हक्क कितीतरी घरांतून भूखंड ताब्यात येण्यापूर्वीच कुलमुखत्यारपत्रावर दलालाच्या खिशात गेला. मुलीच्या लग्नासाठी, आजारपणासाठी, थोड्या रोख रकमेवर. झोपडपट्टी पुनर्वसनात संमतीपत्रांवर सह्या गोळा करणारा आणि पुढे पात्र झोपडीधारकाचे घर मुदतीआधीच परस्पर कागदावर उचलणारा माणूसही याच जातकुळीचा. गरजवंताच्या गरजेची माहिती असलेल्याने त्या गरजेवर स्वतः बोली लावू नये, ही अपेक्षा कायद्याच्या आधीची आहे.

आणि येथे पक्षाने थोडे आरशात पाहिलेले बरे. वस्तीत वीस वर्षे रेशनकार्डे, पाण्याचे नळ, मोर्चे यांची कामे करणाऱ्या कार्यकर्त्याला घरोघरचे हाल माहीत असतात, लोकांचा त्याच्यावर विश्वास असतो आणि त्याला मानधन मिळत नाही. बिल्डरला नेमका असाच माणूस हवा असतो. पोट भरण्यासाठी कार्यकर्त्याने घरांची दलाली केली तर ते पाप नव्हे. शिक्षकी, विमा, दलाली, सर्वच व्यवसायांतून कार्यकर्ते आलेले आहेत. पण वस्तीच्या सभेत पुनर्विकासाचा ठराव मांडणारा आणि त्याच प्रकल्पाच्या बिल्डरकडून घरामागे काही हजार घेणारा माणूस एकच असेल, आणि सभेला ते ठाऊक नसेल, तर करार कायद्याचे कलम २१५ बाजूला ठेवा, तो लोकांचा विश्वासघात आहे. पक्षाच्या शाखांनी याची विचारणा कधी केली नाही, कारण विचारले तर निवडणुकीच्या वेळी टेबल कोण लावणार ही भीती.

ही भीती सोडून एवढे करता येईल. दलाली करणाऱ्या प्रत्येक सभासदाने शाखेकडे आपल्या व्यवहारांची नोंद लिहून द्यावी आणि ज्या वस्तीत तो संघटनेचे काम करतो तिथे दलाली करू नये. भाड्याच्या दलालीला कायद्याच्या कक्षेत आणून दर बांधून द्यावा, नूतनीकरणाची दलाली बेकायदा ठरवावी आणि धर्म, जात, भाषा विचारून घर नाकारणाऱ्या एजंटाचा परवाना रद्द व्हावा, ही मागणी विधानसभेपुढे न्यावी. ते होईपर्यंत शाखेच्या कचेरीत आठवड्यातून दोन संध्याकाळी एका कार्यकर्त्याने बसून लोकांचे भाडेकरार, साठेखते आणि सातबारे वाचून द्यावेत, फी न घेता. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक पडताळणे आणि पालिकेत परवानगीची खातरजमा करणे हे दहावी झालेल्या तरुणालाही महिनाभरात शिकवता येते. अशी पहिली कचेरी कोणत्या शाखेने उघडायची हे पुढच्या जिल्हा बैठकीत ठरावे, आणि चहा येण्यापूर्वी ठरावे.